तवकीर, तपकीर, तपकिरी

नागपूरच्या इतवारीत एका फेरीत दोन पुड्या विकत घेता येतात. पहिली जडीबुटीच्या दुकानात किंवा किराण्यात मिळते. एकादशी, नवरात्र जवळ आलं की जिची आठवण होते, ती तवकीर. पांढरी, चिमटीत दाबली की करकरणारी, पाण्यात कालवली की तळाशी जाऊन बसणारी. दुसरी पुडी पानठेल्यावर. तीही हल्ली प्रत्येक ठेल्यावर नसते, विचारावं लागतं. ठेलेवाला आधी आपल्याकडे निरखून पाहतो आणि मग विचारतो, ‘‘दातावाली का नाकावाली?’’ ही तपकीर. गडद, भुरभुरीत, पुडी सुटायच्या आत नाकाला कळणारी. पहिली उपासाला चालते, दुसरीवर कर्करोगाचा इशारा छापलेला असतो. नावांत फरक एका अक्षराचा, छापखान्यातली चूक वाटावी इतका लहान. मी तर म्हणतो, फरक नाहीच. एकच शब्द दोन दुकानांत बसला आहे.

मूळ शब्द संस्कृतातला, त्वक्क्षीर. त्वक् म्हणजे साल, क्षीर म्हणजे दूध, म्हणजे सालीआतलं दूध. वैद्यकाच्या ग्रंथांत तो तवक्षीर, तुगाक्षीरी अशाही रूपांत भेटतो. त्यातल्या ‘क्ष’चा प्राकृतात ‘ख्ख’ झाला आणि मराठीने आपल्या सवयीप्रमाणे पुढे त्या ‘ख’मधला श्वास काढून घेतला. हिंदीत भीख, मराठीत भीक. हिंदीत भूख, मराठीत भूक. ते सीखतात, आपण शिकतो. नियम सरसकट चालत नाही, राखेतला ‘ख’ मराठीतही तसाच राहिला, पण ओढ त्या बाजूची आहे. शब्दाच्या तोंडाशी मात्र ‘ख’ला सहसा कोणी हात लावत नाही. म्हणून नुसत्या क्षीराची खीर होते, आणि तेच क्षीर जोडशब्दाच्या मागच्या बाकावर गेलं की ‘कीर’ होतं. तवकीर.

राहिला ‘व’चा ‘प’. लिहिताना तवकीर अशी चार अक्षरं असली तरी बोलताना आपण ‘तव्-कीर’ म्हणतो. पुढच्या कठोर ‘क’ला टेकलेला हा मऊ ‘व’ ओठांवर घट्ट झाला की ‘तप्-कीर’ होते. दोनदा भरभर म्हणून पाहा. याहून भक्कम साक्ष शेजारच्या गुजरातीत आहे. तिथे तपखीर हा शब्द आरारूटच्या पिठालाही लागतो आणि हुंगायच्या तंबाखूलाही. आपण टाकलेला ‘ख’ त्यांच्याकडे शाबूत आहे आणि आपण दोन शब्दांत वाटून टाकलेले अर्थ त्यांनी एकाच शब्दात नांदवले आहेत.

(पुण्याकडे तापकीर हे आडनाव आहे. ते ऐकून काही जण लगेच पूर्वजांच्या हातात तपकिरीची डबी देतात. नुसत्या आवाजाच्या सारखेपणावर वंशावळ रचण्याचा हा खेळ मजेचा असला तरी मी त्यात उतरत नाही.)

आता हे सालीतलं दूध म्हणजे काय? मूळ माल बांबूतून येतो. काही बांबूंच्या पेरांच्या पोकळीत रस साठतो, आटतो आणि त्याचे निळसर पांढरे खडे होतात. वंशलोचन म्हणतात ते हेच. खोकल्यावर मधातून चाटवलं जाणारं सितोपलादि चूर्ण बहुतेक मराठी घरांना ठाऊक असतं. त्याची घडण उतरत्या पायऱ्यांची आहे: खडीसाखर सोळा भाग, वंशलोचन आठ, पिंपळी चार, वेलची दोन आणि दालचिनी एक. पण वंशलोचन महाग आणि दुर्मीळ. मग त्याच्या जागी एका रानहळदीच्या कंदाचं सत्त्व आलं, तेही पांढरं, तेही थंड म्हणून ओळखलं जाणारं. नागपूरच्या पूर्वेला छत्तीसगडाकडे त्याला तिखूर म्हणतात आणि तिखुराची बर्फी अजून होते. त्या कंदालाच पुढे तवकीर हे नाव मिळालं. म्हणजे तंबाखू या गोष्टीत यायच्या आधीच हे नाव एकदा बांबूवरून कंदावर गेलेलं होतं. त्याचा मुक्काम कोणत्याच एका वनस्पतीत नव्हता, पांढऱ्या, बारीक, औषधी पुडीत होता. इथे हे लक्षात ठेवलं तर पुढची उडी फार मोठी वाटत नाही.

पश्चिमेकडे गेलेल्या भावंडाची हकीकत आणखी मजेदार आहे. तवक्षीर फारसी-अरबीत तबाशीर झालं. फारसीत दुधाला शीर म्हणतात, आणि तो शब्द आपल्या क्षीराचाच सख्खा नातेवाईक आहे. ईदच्या शीरखुर्म्यातला शीर तोच. त्यामुळे इराण्यांच्या कानाला हा परका शब्द अर्धा घरचाच वाटला असणार. गोव्यात राहून औषधी वनस्पतींवर संवाद लिहिणाऱ्या गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात तबाशिरावर स्वतंत्र चर्चा केली आहे. पुढे पॅट्रिक रसेल या वैद्याने हिंदुस्थानातून नमुने लंडनला पाठवले आणि १७९१ साली रॉयल सोसायटीपुढे जेम्स मेसी नावाच्या तरुण रसायनज्ञाने त्यांची तपासणी मांडली: हे दूध म्हणजे बहुतांशी सिलिका, वाळू-गारगोटीच्या जातीचं द्रव्य. या मेसीने पुढे स्मिथसन हे नाव घेतलं. त्याच्या मृत्युपत्रातल्या पैशातून वॉशिंग्टनची स्मिथसोनियन संस्था उभी राहिली. तिच्या दात्याचा विज्ञानातला पहिला निबंध आपल्या तवकिरीच्या थोरल्या बहिणीवर होता.

पण मला खरी गंमत वाटते ती पुढची. आजच्या अरबीत तबाशीर म्हणजे फळ्यावर लिहायचा खडू. तुर्कीत तेबेशीर, बल्गेरियनमध्येही तेबेशीर, अर्थ तोच. पांढऱ्या, ठिसूळ वस्तूचं नाव दुसऱ्या पांढऱ्या, ठिसूळ वस्तूला मिळालं, यात अडखळण्यासारखं काही नाही. आपल्याकडे त्याच शब्दाने उलटी वाट धरली आणि तो काळ्याभोर तंबाखूच्या पुडीत जाऊन बसला. जुन्या शाळांतले तपकीर ओढणारे मास्तर आठवा. एका हातात खडू आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत तपकीर. दोन्ही हातांत एकाच शब्दाची दोन टोकं होती, फक्त एकाचं नाव त्यांना अरबीत ठाऊक नव्हतं.

हुंगायच्या तंबाखूला इतर भाषा काय म्हणतात ते पाहिलं की मराठीचं वेगळेपण उठून दिसतं. इंग्रजी स्नफ हा शब्दच नाकातून ओढल्याचा आवाज आहे. स्नाउट, स्नीझ, स्नोअर, स्निफ हे सगळं त्याचं गोत. जर्मन श्नुप्फटाबाकमधलं ‘श्नुप्फन’ हे ओढणंही आहे आणि पडसंही. फारसी अन्फिया हे ‘अन्फ’ म्हणजे नाक या अरबी शब्दावरून आलेलं. चिनी ‘पीयेन’ म्हणजे चक्क नाकाचा धूर. तमिळमध्ये मूक्कुप्पोडी, नाकाची पूड. कन्नड-तेलुगूत नस्य, नस्यम. पश्तो-उर्दूत नसवार. हिंदीत सुंघनी, कारण ती सुंघायची. गुजरातीत तपखिरीशेजारी छींकणी, कारण ती घेतली की शिंक येते. कोणी अवयवावरून नाव ठेवलं, कोणी क्रियेवरून, कोणी परिणामावरून. जुन्या हिंदीत तर तिला हुलास असंही म्हणत. हुलास म्हणजे उल्हास. एवढं उघड प्रशस्तिपत्र दुसऱ्या कुठल्या व्यसनाला मिळालेलं मला आठवत नाही.

आणि मराठी? तपकिरीत नाक नाही, हुंगणं नाही, शिंक नाही, तंबाखूही नाही. आपल्या नाकाशी संबंध असलेल्या शब्दांत बहुधा अनुस्वार घुमतो: हुंगणे, शिंक, शेंबूड, गंध, सुंघणे. (घोरण्यात तो नाही, हे कबूल, पण घोरणं अर्धं घशाचं काम आहे.) तपकीर कोरडी आहे. नाकासाठी शब्द घडवायला बसलेल्या माणसाने असा शब्द घडवला नसता. तो आधीच तयार होता.

नाकासाठीचा शब्द मराठीकडे नव्हता असं मात्र नाही. नाकातून औषध देणं हा आयुर्वेदातला नस्याचा प्रकार. पंचकर्मात त्याची गणना आहे. सुश्रुताने सांगितलेल्या प्रकारांत प्रधमन आहे, त्यात कोरडं चूर्ण नळीतून नाकात फुंकतात. नस्यावरून आपल्या घरगुती औषधांत नास देणे हा शब्दही रूढ होता. तंबाखूची पूड अमेरिकेहून निघून पोर्तुगीजांबरोबर या किनाऱ्याला लागली तेव्हा दक्षिणेने तिला सरळ नस्याच्या खणात टाकलं. आपण का टाकलं नाही? माझा तर्क असा की आपल्याकडे तिची ओळख वैद्याच्या हातून कमी आणि पुड्या बांधणाऱ्याच्या हातून जास्त झाली. ज्याच्या दुकानात वस्त्रगाळ चूर्णं होती त्याच्याकडे आणखी एक वस्त्रगाळ चूर्ण आलं, आणि सगळ्यांत मुलायम चूर्णाचं जे नाव चालू होतं ते त्याला चिकटलं. कागदोपत्री हे सिद्ध करता येईल असा माझा दावा नाही. एवढं मात्र दिसतं की एकोणिसाव्या शतकात मोल्सवर्थ आपला कोश रचतो (पहिली आवृत्ती १८३१, वाढवलेली १८५७) तोवर तपकीर पक्की तंबाखूची झाली होती.

या तर्काला बळ येतं ते तंबाखूच्या इतर नावांमुळे. नावांच्या बाबतीत तंबाखू जन्माची बिऱ्हाडकरू आहे. दुसऱ्याच्या घरात राहायला येते आणि काही वर्षांनी पाटीवर तिचंच नाव लागतं. मिस्सी ही बायकांनी दात काळे करायला लावायची पूड होती, तंबाखूशी संबंध नसलेली. भाजलेल्या तंबाखूची पूड दातांना लागू लागली तशी मिश्री, मशेरी ही नावं तिची झाली. मिस्सी-मिश्रीचं हे नातं मला तरी उघड दिसतं. गुडाकू ही गुळाच्या काकवीत मळलेली, हुक्क्यात घालून ओढायची तंबाखू. छत्तीसगडात आणि आपल्या पूर्व विदर्भात आज गुडाखू म्हणून जे मिळतं ते दातांवर घासतात. हुक्का गेला, नाव उरलं. खुद्द तंबाखू या शब्दाचीही कहाणी तीच. स्पॅनिश इतिहासकार ओव्हिएदो १५३५ साली लिहितो की कॅरिबियन बेटांवरचे लोक दोन फाट्यांची नळी नाकपुड्यांत घालून धूर ओढत, आणि ‘ताबाको’ हे नाव त्या नळीचं होतं, पानाचं नव्हे. त्याच्याशी सगळे सहमत नाहीत. कोणी ते गुंडाळलेल्या पानांचं नाव मानतात, कोणी अरबीतल्या एका वनस्पतीकडे बोट दाखवतात. ओव्हिएदो बरोबर असेल तर जगभर पसरलेल्या या शब्दाच्या मुळाशी नाकच आहे, आणि खास नाकाने ओढायच्या वस्तूला आपण दिलेल्या नावात तेवढं ते नाही.

अकबराच्या दरबारात तंबाखू पोचली ती दख्खनमधूनच. बादशहाचा वकील असद बेग विजापूरहून परतताना १६०४–०५ च्या सुमारास ती नळीसकट घेऊन गेला. पण ती ओढायची, धुराची. तपकिरीला असा दरबारी प्रवेश-प्रसंग नाही. ती चिमटीचिमटीने आली.

चिमटीवरून आठवलं. युरोपात या चिमटीभर पुडीची जी चोखंदळ दुनिया उभी राहिली तिच्याकडेही शब्दांच्या अंगाने पाहण्यासारखं आहे. इंग्लंडात शेफील्डच्या विल्सन घराण्याची तपकीर १७३७ पासूनची, केंडलच्या सॅम्युअल गॅविथची १७९२ पासूनची. त्याआधी १७०२ साली स्पेनच्या व्हिगो बंदरातल्या लढाईत इंग्रज आरमाराच्या हाती लुटीत तपकिरीची पिंपं लागली, ती खलाशांनी स्वस्तात विकली आणि लंडनला चटक लागली, असं सांगतात. तिथली वाणांची नावं म्हणजे कृतीच्या चिठ्ठ्याच आहेत. रापी हे फ्रेंच ‘रापे’वरून, म्हणजे किसलेली. तंबाखूची पानं वळून, दाबून त्यांचे गाजराच्या आकाराचे घट्ट दंडे करत आणि गिऱ्हाईक खिशातल्या किसणीवर लागेल तेवढं किसून घेई. टोस्ट म्हणजे इतकी भाजलेली की मैद्यासारखी बारीक होते. माकूबा हे मार्टिनिक बेटावरच्या गावाचं नाव, त्या तंबाखूला गुलाबाचा वास देत. आणि बव्हेरियातली श्माल्त्सलर. यातलं ‘श्माल्त्स’ म्हणजे वितळवून काढलेली चरबी. लोण्याचं श्माल्त्स म्हणजे आपलं साजूक तूप. तेव्हा श्माल्त्सलरचा सरळ मराठी अर्थ ‘तुपाळ’. हे वाचल्यावर मद्रासची पट्टणम् पोडी आठवते, तीही तूप लावून केलेली. म्युनिक आणि मद्रास यांनी एकमेकांना न विचारता तुपाचा डबा उघडला. कोरडी पूड नाकात जळजळते आणि उडून घशात जाते, हे दोघांनाही सारखंच कळलं असणार.

परदेशात राहणाऱ्या एका स्नेह्याने आणलेल्या काही डब्या, मद्रासकडची एक पुडी आणि इतवारीतली आपली साधी तपकीर हे एकदा समोर ठेवून मी तुलना करून पाहिली. नाकाच्या अनुभवाबद्दल फार लिहू नये. वाचणाऱ्याला वास येत नाही. पण वर्णन करायला बसल्यावर मराठीची एक ठेवण जाणवली. वासांच्या बाबतीत आपली भाषा तक्रारीत श्रीमंत आहे. कुबट, करपट, खवट, मातकट, धुरकट, तुपकट, आंबूस, उग्र: वाईट किंवा संशयास्पद वासाच्या छटा भराभर सुचतात. चांगल्या वासासाठी दरवळ, घमघमाट, सुवास असे मोठाले शब्द आहेत, ते सगळे लांबून येणाऱ्या वासाचे. नाकाशी चिमूट धरून, हळू ओढून, दोन वासांत बोटभर फरक सांगायचा तर खमंग हा एकच कामाचा शब्द हाती लागतो. त्यामुळे माझी टिपणं अशी झाली: टोस्ट खमंग, पण करपटाच्या उंबऱ्यावर. रापी ओलसर, जाडसर, किंचित आंबूस. तिचा वास नाकात शिरत नाही, दाराशी बसून राहतो. मद्रासची तुपकट, आणि इथे तुपकट ही स्तुती आहे हे मला कंसात लिहावं लागलं. इतवारीची थेट उग्र. तिला मागे-पुढे काही नाही. तिने पहिल्या क्षणात सगळं सांगून टाकलं. मला रापी सगळ्यांत आवडली आणि का आवडली ते सांगायला तासभर शब्द शोधत बसलो.

सरावलेला माणूस शिंकत नाही. चिमूट बोटांत किंचित मळतो, नाकपुडीच्या तोंडाशी धरतो, आणि फुलाचा वास घ्यावा इतकंच ओढतो. पूड पुढच्या भागातच राहिली पाहिजे. जोरात ओढून सटासट शिंकणं हे नवशिक्याचं लक्षण. नाटक-सिनेमांतला तपकीरबहाद्दर मात्र हमखास शिंकतो आणि कुणाच्या तरी कामात माशी शिंकते. निकोटिन नाकाच्या आतल्या पातळ अस्तरातून रक्तात वेगाने उतरतं, म्हणून एवढ्याशा चिमटीला तरतरी आहे आणि म्हणूनच सवयही लागते. धूर नाही एवढ्यावरून तिला निरुपद्रवी मानणारे असतात. तंबाखूतली कर्करोगकारक द्रव्यं धुराशिवायही असतात.

महाराष्ट्रात हे प्रकरण नाकात राहिलंही नाही. तपकीर खूप ठिकाणी, विशेषतः बायकांत, दातांना आणि हिरड्यांना लावली जाते. नागपूरच्या ठेलेवाल्याचा ‘दातावाली का नाकावाली’ हा प्रश्न म्हणूनच बिनतोड आहे. हे स्थलांतर नसवारीचंही झालं: नाव नाकाचं, पण पठाण ती ओठाखाली ठेवतो. फरक एवढाच की नसवार ओठाखाली गेली की शब्द आणि वस्तू यांची फारकत होते. तपकिरीत नाक कधी नव्हतंच, तेव्हा ती हिरडीवर गेली तरी शब्दाची काही तक्रार नाही. कर्करोगावरच्या इंग्रजी लिखाणात तपकीर हा शब्द हिरड्यांना लावायच्या कोरड्या तंबाखूचं नाव म्हणून आता रोमन लिपीत छापला जातो. तिकडे जाऊन त्याचा नाकाशी असलेला शेवटचा धागाही तुटला.

कायद्याने मात्र या दोन वापरांत भिंत घातली आहे, निदान कागदावर. दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या परिशिष्टात हुंगायची तपकीर वेगळी मोजली आहे आणि तंबाखूयुक्त दंतमंजन वेगळं. वेष्टणावर काय लिहायचं ते कायदा ठरवतो. वेष्टण फोडल्यावर बोट कुठे जाईल ते ठरवणारं कलम कोणाला लिहिता आलेलं नाही.

नागपुरात तर तिच्या वाट्याला आणखी एक प्रतिस्पर्धी आला, खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून घोटायचा आणि पन्नीतूनच तोंडात टाकायचा. पानठेल्यावर उभं राहिलं की ते घोटणं ऐकू येतं. खऱ्र्यासमोर तपकीर फारच शांत आणि एकलकोंडी पडली. तिच्याभोवती गप्पांचा फड जमत नाही. बनारसमध्ये एका घराण्याला लोक सुंघनी साहू म्हणून ओळखत आणि त्या घरातून जयशंकर प्रसादांसारखा कवी झाला. तिथे तपकिरीला खानदान होतं. आपल्याकडे ती शास्त्री, मास्तर, कारकून यांच्या कनवटीला राहिली. ते गेले तशी तीही दुकानाच्या मागच्या फळीवर गेली.

गेली नाही ती तपकिरी. शब्दाच्या या तिसऱ्या जन्माबद्दल मला सर्वांत जास्त कौतुक आहे, कारण इथे उलथापालथ पूर्ण होते. ज्या नावाचा सगळा बोलबाला पांढरेपणासाठी होता, जे पश्चिमेला खडूचं नाव झालं, ते मराठीत मातकट काळपट रंगाचं नाव होऊन बसलं. पहिलीच्या मुलाच्या रंगपेटीत तपकिरी असतो. मराठीने रंगांना वस्तूंचीच नावं दिली आहेत: बदामी, राखी, आमसुली, मोरपिशी, डाळिंबी. यातल्या बहुतेक वस्तू मुलाने पाहिलेल्या असतात, तपकीर पाहिलेली नसते. नागपूरचं मूल दोन भाषांत वाढतं, आणि हिंदीत याच घराण्यातल्या एका रंगाला ते कत्थई म्हणतं. कात, तोही पानातला. म्हणजे शाळेत शिकलेली ही दोन्ही नावं मुळात एकाच पानठेल्यावरून आली आहेत, आणि त्या ठेल्यावर जायला घरून सक्त मनाई.

२०१६ साली राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या गणवेशातली खाकी अर्धी विजार जाऊन तपकिरी फुलपँट आली, तेव्हा नागपुरात हा शब्द काही दिवस पुष्कळ कानावर पडला. चर्चा अर्थातच लांबीची आणि काळाबरोबर बदलण्याची झाली. शब्दांच्या अंगाने पाहिलं तर खाकी म्हणजे फारसी खाक, धूळ. आणि तपकिरी म्हणजे चूर्ण. एका भुकटीच्या जागी दुसरी आली. सीताबर्डीच्या कापडदुकानांत मात्र तपकिरी कोणी म्हणत नाही. तिथे चॉकलेटी आणि कॉफी असे दोन विभाग पडले आहेत. साडीला तंबाखूचं नाव देऊन विकणं अवघड, हे दुकानदाराचं म्हणणं मला पटतं.

आणखी एका ठिकाणी तपकीर टिकून आहे, तिथे कोणाच्या लक्षात येत नाही. अंगठा ताठ करून मागे ओढला की त्याच्या बुडाशी, मनगटाच्या कडेला, दोन कंडरांच्या मध्ये एक तिकोनी खळगा पडतो. युरोपात तपकीर त्या खळग्यात ठेवून ओढत, म्हणून शरीरशास्त्राने त्याचं नाव ठेवलं ‘ॲनाटॉमिकल स्नफबॉक्स’. त्याच्या तळातून मनगटाकडची एक धमनी जाते, आणि पडल्यावर तिथे दाबून दुखलं तर स्कॅफॉइड हे लहानसं हाड मोडल्याची शंका घेतात. नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी तो पाठ करावा लागतो. त्याला मराठीत ‘तपकीरखळी’ म्हणायला काय हरकत आहे, असं मी मेयोतल्या एका ओळखीच्या मुलाला सुचवून पाहिलं. त्याने अंगठा ताणला, खळग्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘‘पण काका, तपकिरी तर कलर आहे नं? इथं तर स्किनचाच कलर आहे.’’